पदराबाहेरचा हात

त्या वर्षी परतीच्या पावसानं भाजे गावातलं उभं भात आडवं केलं. लोंब्या चिखलाला टेकल्या. पडलेलं भात कापायला उभ्या भाताच्या दुप्पट कंबर लागते, आणि भिमाजीच्या घरी कंबर नंदाबाईची तेवढी उरली होती. भिमाजीचे गुडघे सुजलेले. पोरगा संदेश लोणावळ्याच्या हॉटेलात कामाला, आठवड्याच्या सुट्टीला घरी. डोंगराकडच्या वाडीतली सावित्राबाई मजुरीला यायची. पण तीही चार ठिकाणी वाटलेली.

म्हणून राजेश्वरी एका संध्याकाळी पिशवी घेऊन माळवली स्टेशनावरून चालत आली, तेव्हा गावाला सांगायला कारण तयारच होतं.

"भाची हाय. कापनीला आलीय. तिचा मालक टेम्पो घेऊन गुजरातला गेलाय," नंदाबाईनं शेजारणींना सांगितलं.

भाची खरीच होती, नंदाबाईच्या मावसबहिणीची लेक. बाकीचं खोटं होतं. नवरा कैलास कुठंही गेला नव्हता. तो जुन्नरकडं आपल्या घरी होता, आणि ही त्याला न सांगता निघून आली होती. आई मागेच वारलेली. भावाकडं गेली असती तर कैलास दुसऱ्या दिवशी तिथं पोचला असता. हे घर त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी वाफ्यात उतरल्यावर नंदाबाईनं पाहिलं, राजेश्वरीच्या डाव्या मुठीतून काड्या निसटत होत्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं, सरळ होत नव्हतं. मूठ भरली की त्या बाजूनं धान गळायचं.

"काय झालं गं बोटास्नी?"

"दारात सापडली."

"दार कुनी लावलं?"

राजेश्वरीनं विळा चालवला. नंदाबाईनं पुन्हा विचारलं नाही. एक-दोन दिवसांत पोरीनं अंगठा आणि दोन बोटांत काड्या धरायची रीत बसवली, आणि तिची कापणीची पात सावित्राबाईच्या बरोबरीनं पुढं जाऊ लागली.

एका रविवारी लेण्यांवरून उतरलेलं एक जोडपं दारात येऊन उभं राहिलं. पुण्याचं होतं. प्रज्ञेश आणि अमृता, अशी त्यांनी आपली नावं सांगितली. भूक लागली होती, खालची दोन्ही हॉटेलं गच्च होती. काही मिळेल का, म्हणून विचारलं.

दुपारची वेळ. दारात आलेल्या माणसाला नंदाबाईनं नाही म्हणणं शक्य नव्हतं. पिठलं होतं, राजेश्वरी चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. दोघं ओट्यावर जेवली. अमृतानं ठेचा मागून घेतला आणि डोळ्यांतून पाणी काढत खाल्ला. भिमाजीला हसू आवरेना.

जेवण झाल्यावर प्रज्ञेश दारातून आत वाकला.

"मावशी, एक फोटो काढू का? ही चूल, हा जाळ... फार सुंदर दिसतंय."

"काढा की. चुलीला काय हुतंय?" नंदाबाई म्हणाली.

राजेश्वरीनं पदर हनुवटीपर्यंत ओढला. हातातली भाकरी अर्धी थापली होती, ती खाली ठेवता येईना. प्रज्ञेशनं फोटो काढले. संदेश त्या दिवशी घरीच होता. फोटो पाठवा म्हणून त्यानं आपला नंबर दिला.

पुढच्या शनिवारी दोन गाड्या आल्या.

"नंदाबाईंची चूल हीच का?" एकानं काच खाली करून विचारलं.

नंदाबाई अंगणात भारा उतरवत होती. डोक्यावरचं चुंबळ तसंच ठेवून ती म्हणाली, "नंदाबाई मीच. का वो?"

त्यांना जेवायचं होतं. त्यांना वाढलं, तर मागून आणखी आले. संदेशचा फोन दिवसभर वाजत राहिला. रात्रीपर्यंत पिठाचा डबा खरवडून झाला, आणि कापायचं राहिलेलं भात तसंच पडून.

संदेशनं शोधून काढलं. फोन पुढं धरून तो आईजवळ आला. "आई, तू म्यापवर आलीस! ह्ये बघ. तुझं नाव, आपलं निळं दार, माझा नंबर. त्या पुन्याच्या सायबानं टाकलंय. लोकांनी चांदन्याबी दिल्यात."

"मला कुनी इचारलं न्हाई ते," नंदाबाई म्हणाली. पण तिला बरंही वाटलं. दाराचा निळा रंग तिनंच पसंत केला होता.

राजेश्वरी भांडी घासता घासता उठली आणि फोनात वाकली. तिचे हात राखेनं भरलेले. सगळ्यात वर तोच फोटो होता. चुलीचा जाळ, काळी तवली, पदराखाली झाकलेलं तोंड. जाळाचा उजेड नेमका परातीवर पडला होता, आणि त्यात डावा हात. दोन बोटं आत वळलेली.

"ह्यो काढ," ती म्हणाली.

"ताई, तोंड कुटं दिसतंय? कोन वळखनार हाय?"

"काढ म्हनते ना."

संदेशनं फोटोवर बोट दाबून धरलं, तक्रार करायचं बटण शोधलं, कारण निवडलं, पाठवलं. उत्तर दोन दिवसांनी आलं, ते पुढच्या सुट्टीला त्यानं घरी आणलं. भिमाजी ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत होता. संदेशनं मोठ्यानं वाचलं, "आम्ही आपल्या विनंतीचा आढावा घेतला. या छायाचित्रात कोणतीही व्यक्ती ओळखता येत नाही. त्यामुळे ते आमच्या धोरणांचे उल्लंघन करत नाही."

"कोन म्हनतं ह्ये?" भिमाजीनं विचारलं.

"कंपनी."

"कंपनीतलं कोन?"

"कुनी न्हाई आबा. मशीनच बघत आसंल."

"आनि मानसाला सांगायचं तर कुटं सांगायचं?"

"आसं ठिकान न्हाई दिसत."

भिमाजीनं तेलाची वाटी बाजूला सारली. "घर माझं. चूल हिची. हात त्या पोरीचा. मग फोटो त्येंचा कसा झाला?"

"टाकनाऱ्याचा आसतो आबा. आनि टाकला की कंपनीकडं ऱ्हातो."

संदेशनं मग दुसरी युक्ती केली. म्यापवर आपल्या घरापुढं 'कायमचं बंद' असं निवडलं. दोन दिवस फोन थांबले. शेजारच्या पोरानं ते बघून गावात उठवलं की भिमाजीकाका गेले काय. मग कुणीतरी पाहुण्यानं लिहिलं, 'सुरू आहे, आम्ही कालच जेवलो', आणि कंपनीनं घर पुन्हा उघडलं. नंदाबाईला हसावं की रडावं कळेना. ज्या घरात आपण निजतो-उठतो, ते उघडं की बंद हे तिसराच ठरवतोय.

राहिला प्रज्ञेश. संदेशनं त्याला फोन लावला. खरं कारण सांगायचं नाही, असं राजेश्वरीनं बजावलं होतं.

"सर, तो चुलीचा फोटो काढून टाका. बायामानसांचा हाय, घरात आवडंना."

"अहो, पण चेहरा झाकलेला आहे ना?" प्रज्ञेश म्हणाला. "आणि किती लोकांनी पाहिलाय माहितीये? तुमचाच फायदा आहे. बरं, बघतो मी."

बघतो म्हणाला तो म्हणालाच. फोटो होता तिथंच राहिला.

त्या दिवसांत राजेश्वरी कामाला जास्तच भिडली. कापणी संपली, भारे खळ्यावर आले. उजाडायच्या आत धुक्यात ती खळं झाडायला जायची. विसापूरचा डोंगर दिसत नसायचा, दव पेंढ्यावरून टपटपायचं. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की तिचा झाडू थांबायचा. गाडी पुढं गेली की पुन्हा चालू व्हायचा. जेवताना ती दाराकडं तोंड करून बसायला लागली. नंदाबाईला ते दिसत होतं. 'काढा की' हे शब्द आपल्या तोंडातून गेलेत, हे तिला चुलीपुढं बसलं की आठवायचं. भाकरी करपायची.

शेवटी एक दिवस राजेश्वरीच संदेशपुढं हात करून म्हणाली, "लाव त्येला फोन. दे माझ्याकडं."

ती फोन कानाला लावून अंगणाच्या कडेला गेली. नंदाबाई दारात उभी होती.

"सायेब, मी त्या फोटोतली बाई. तुमी मावशीला इचारलं, मला न्हाई इचारलं. मला मारनारा मानूस मला हुडकतोय. तोंड झाकलंय खरं. पन ती बोटं त्येनंच मोडल्यात. त्येला तोंड कशाला पाह्यजे?"

पलीकडून प्रज्ञेश काहीतरी बोलू लागला. राजेश्वरी ऐकत राहिली. "व्हय," म्हणाली. "आत्ता काढा," म्हणाली. मग तिनं फोन संदेशला परत दिला. एवढं बोलणं तिनं मावशीपाशीसुद्धा कधी केलं नव्हतं.

फोटो त्याच संध्याकाळी म्यापवरून गेला. संदेशनं म्याप पुन्हा पुन्हा उघडून दाखवला. चूल नाही, परात नाही. त्या रात्री राजेश्वरी पोटभर जेवली.

झोडणीच्या दिवशी दुपारी मोटारसायकलवरून एक माणूस आला. पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले, पायांत नव्या चपला. "मावशी, जेवायला मिळंल का? लय नाव ऐकलंय तुमचं."

नंदाबाई खळ्यावरच्या माणसांसाठी भाकऱ्या बांधत होती. एकटाच होता, बोलायला नरम. तिनं ताट वाढलं. तो ओट्यावर मांडी घालून बसला, पानाभोवती पाणी फिरवलं, सावकाश जेवला. दुसऱ्यांदा पिठलं मागून घेतलं. कांदा हातानं फोडला. भिमाजीनं त्याला इकडतिकडचं विचारलं, कुठले, काय करता. "टेम्पो हाय माझा," तो म्हणाला. मग हात धुतले, रुमालानं एकेक बोट पुसलं, खिशातून फोन काढला.

"आज भाकरी तुमीच केली व्हय मावशी? ही थापनारी कुटं गेली?"

फोनात फोटो होता. तोच.

आपण वाढलेलं अन्न त्याच्या पोटात गेलंय, हेच नंदाबाईला आधी सुचलं. "ह्यो तर काढलाय," ती बोलून गेली.

"म्यापवरनं काढला आसंल. माझ्याजवळ हाय की. मित्र लोहगडला आलता, त्येनं जेवायचं ठिकान हुडकताना बघितला, मला धाडला." कैलासनं फोटो दोन बोटांनी मोठा केला. "बायकोचा हात वळखत न्हाई व्हय मी?"

भिमाजी उठायला लागला, गुडघा धरून पुन्हा खाली बसला. मागच्या खळ्यातून झोडणीचा आवाज येत होता, पेंढी फळीवर आपटल्याचा, धप, धप. कैलास त्या आवाजाच्या रोखानं निघाला. नंदाबाई त्याच्यामागून जवळजवळ धावली.

खळ्यात सावित्राबाई होती, वाडीतल्या आणखी दोघी बाया होत्या, आणि फळीपाशी राजेश्वरी. अंगभर भुसकट, तोंडाला फडकं बांधलेलं. पेंढी डोक्यावर उचललेली तिनं तशीच धरून ठेवली. दाणे तिच्या मानेवर सांडत राहिले.

"चल घरी," कैलास म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. "झालं तेवढं पुरं झालं. पोरगी जराशा भांडनावरनं निघून आली वो मावशी. आमी किती हुडकलं. मानसं काय काय बोलत्यात."

बाया थांबल्या. सावित्राबाई नंदाबाईकडं बघायला लागली. नवरा गुजरातला होता ना? नंदाबाईला तिच्या नजरेला नजर देववेना.

कैलास दोन पावलं पुढं आला. खळ्यातल्या भातावर त्याच्या चपला पडल्या.

"पावनं," सावित्राबाई म्हणाली, "खळ्यात पायताण घालून येऊ नये."

तिनं ते सहज, कुणालाही सांगावं तसं सांगितलं होतं. पण कैलासनं खाली पाहिलं, आणि त्याला मागं सरावं लागलं. खळ्याच्या कडेला उभा राहून तो चपला काढायच्या की नाही या घोळात पडला. तेवढ्यात राजेश्वरीनं पेंढी खाली ठेवली आणि तोंडाचं फडकं सोडलं.

"मावशी खोटं बोलली तुमच्याशी," ती सावित्राबाईला म्हणाली. "माझ्यासाठी बोलली. माझा नवरा गुजरातला न्हाई गेला. ह्यो माझा नवरा. मी पळून आले. जेवनात मीठ जास्त झालं म्हनून ह्येनं माझा हात दाराच्या फटीत धरला आनि दार लावलं. दवाखान्यात जाऊ दिलं न्हाई. बोटं हाय तशी जुळली." तिनं हात पुढं धरला नाही. ती नुसती बोलत होती, पेंढ्यावरून काडी निवडावी तशी एकेक गोष्ट निवडून. "त्याच्या आधीचंबी हाय. ते सांगत न्हाई मी. तेवढं माझं माझ्यापाशी."

"खोटं बोलती!" कैलास ओरडला. त्याचा नरमपणा कुठल्या कुठं गेला. "आपसूक येतीस का ह्यो फोटो टाकू सगळ्या गुरूपवर? पळून गेलेली बाई म्हनून? तुझ्या भावाच्या गावातबी टाकतो!"

"टाक."

त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"टाक म्हनलं. मीच सांगितलं की आत्ता. आता तू सांगून नवं काय सांगनार?"

वाडीतल्या दोघींपैकी थोरलीनं पेंढी उचलली आणि फळीवर आपटली. मग दुसरीनं. सावित्राबाई राजेश्वरीच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिची ठेवलेली पेंढी तिच्या हातात दिली. भिमाजी काठी टेकत कसाबसा खळ्याच्या तोंडाशी पोचला होता. त्यानं दम घेतला. "पोटभर जेवलासा. आता वाट धरा. संदेशला फोन केलाय, तो पोलिसांना घेऊनच येतोय."

फोन त्यानं केला नव्हता. कैलासला ते ठाऊक नव्हतं. "बघून घेतो," म्हणत तो गाडीकडं वळला. माळवलीच्या रस्त्याला लागेपर्यंत गाडीचा आवाज येत राहिला. तो पार विरल्यावर राजेश्वरी खळ्यातच खाली बसली. तिला ओकारी आली. नंदाबाईनं तिचं कपाळ धरलं.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरी, भिमाजी आणि सुट्टी टाकून आलेला संदेश पोलिसांत तक्रार द्यायला गेले. तिथल्या बाईहवालदारानं सगळं लिहून घेतलं, हाताचा फोटो काढावा लागेल म्हणाली, आणि आधी विचारलं, "चालेल ना?" राजेश्वरीनं हात टेबलावर सरळ ठेवला, जेवढा सरळ होत होता तेवढा.

ते परत आल्यावर नंदाबाईनं मनातला विचार सांगितला. "घोरावाडीला माझी जाऊबाय ऱ्हाती. चार महिनं तिच्याकडं ऱ्हा. तितं कुनाला कळायचं न्हाई."

"तितंबी कुनीतरी फोन घेऊन येईलच की मावशी," राजेश्वरी म्हणाली. "किती घरं बदलू? हितं निदान समद्यास्नी ठावं हाय. तो परत आला तर सावित्राबाई आधी वळखंल त्येला."

ती राहिली. कैलासनं फोटो कुठल्याशा गुरूपवर टाकला म्हणे. तिच्या भावाचा फोन आला, आधी चिडून, मग रडून. गावातही दोन-चार दिवस कुजबुज झाली. पाणवठ्यावर एक-दोघी तिच्या बोटांकडं बघत राहायच्या. मग हरभऱ्याची पेरणी आली आणि माणसं कामाला लागली.

प्रज्ञेशचा एकदा फोन आला. त्यानं कंपनीला लांबलचक पत्र लिहिलं होतं, तिकडून तेच छापील उत्तर आलं होतं. "मला खूप अपराधी वाटतंय, मावशी," तो नंदाबाईला म्हणाला.

"मलाबी वाटतंय बाबा," नंदाबाई म्हणाली. "हो तर आदी मीच म्हनले."

घर म्यापवर राहिलंच. ते कुणाच्यानंच निघालं नाही. शनिवार-रविवारी लोक यायचे, झेपेल तेवढ्यांना नंदाबाई वाढायची. संदेशनं हॉटेलातून एक पाटी आणली, 'फोटो काढण्यास सक्त मनाई', आणि दाराला ठोकायला निघाला.

"पाटी नगं," राजेश्वरी म्हणाली. "मी तोंडानं सांगंन."

पौषातली थंडी होती. राजेश्वरी अंगणात उभी राहून उरलेलं भात वारवत होती. वाऱ्याच्या रोखानं सूप कलतं धरून ती दाणे सोडायची. भूस उडून बांधाकडं जायचं, दाणे सरळ पायाशी पडायचे. ओट्यावर जेवून उठलेल्या मुलींतली एक फोन उचलून पुढं आली. नंदाबाई आतून बघत होती. ती ओरडणारच होती, पण मुलगी दोन पावलांवर येऊन थांबली. राजेश्वरीनं सूप खाली घेतलं होतं.

"फोटो काढू का तुमचा?" मुलीनं विचारलं.

राजेश्वरीनं तिच्याकडं नीट बघितलं. पदर तिच्या खांद्यावर होता, तोंड उघडं होतं, केसांत भूस अडकलं होतं.

"न्हाई," ती म्हणाली.

मुलगी जरा ओशाळली. "सॉरी हं," म्हणत तिनं फोन पिशवीत टाकला. राजेश्वरीनं हसून मान हलवली, वारा बघितला आणि सूप पुन्हा वर उचललं.